लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो तेव्हा: वयस्क स्त्रियांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी

पाळी गेल्यानंतरच्या वयात ज्या स्त्रियांना लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, त्यांच्याकडे बहुधा एक जाडजूड फाईल असते. तिच्यात चार-पाच निरनिराळ्या अँटिबायोटिकांच्या चिठ्ठ्या असतात, लघवीच्या साध्या तपासणीचे रिपोर्ट असतात, एखादी सोनोग्राफी असते. पण लघवीच्या कल्चरचे, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते ओळखण्याच्या तपासणीचे, रिपोर्ट शोधावेत तर एखाददुसराच सापडतो, आणि तोही औषध सुरू झाल्यानंतर दिलेल्या नमुन्याचा. म्हणजे उपचार अनेकदा झाले, परंतु कोणता जंतू होता, तोच परत आला की नवा आला, आणि मुळात तो संसर्ग होता की दुसरेच काही, हे प्रश्न तसेच राहिले. या लेखाची सुरुवात त्या प्रश्नांपासून केली आहे, कारण या दुखण्यात पुढची गोळी कोणती घ्यायची यापेक्षा दोन झटक्यांच्या मधल्या काळात काय करायचे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे असते. औषधांची नावे व मात्रा येथे आल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून. त्या वाचून स्वतःच औषध सुरू करावे, असा त्यांचा हेतू नाही.

पहिली पायरी: झटके मोजा

सहा महिन्यांत दोन किंवा अधिक, अथवा वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा लक्षणांसह संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. यातला प्रत्येक झटका कल्चरने सिद्ध झालेला असणे अपेक्षित आहे; निदान काही झटक्यांचा तरी तसा पुरावा हवा. म्हणून एका वहीत प्रत्येक झटक्याची तारीख, लक्षणे, कल्चरमध्ये आलेल्या जंतूचे नाव, दिलेले औषध, ते किती दिवस घेतले आणि आराम कितव्या दिवशी पडला, एवढे लिहून ठेवावे. दोन-तीन झटक्यांतच या वहीचा उपयोग दिसू लागतो. उपचार संपल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला असेल, तर तो बहुधा पुरता गेलाच नव्हता, आणि तो कोठे लपून राहतो हे पाहावे लागते. मुतखडा आणि पूर्ण रिकामे न होणारे मूत्राशय ही त्याची नेहमीची ठिकाणे. याउलट मध्ये काही आठवडे किंवा महिने बरे जाऊन नवा संसर्ग झाला असेल, तर जंतूंना पुन्हा पुन्हा आत येऊ देणारी परिस्थिती बदलावी लागते. वयस्क स्त्रियांमध्ये दुसरा प्रकार अधिक आढळतो. दोहोंचे उपाय वेगळे आहेत, आणि हा फरक वहीशिवाय कळत नाही.

कोणती लक्षणे मोजायची, हेही स्पष्ट असावे. नव्याने सुरू झालेली किंवा एकाएकी वाढलेली जळजळ, दर थोड्या वेळाने थेंबथेंब लघवी होणे, लघवीची घाई अनावर होणे, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त जाणे ही मूत्राशयाच्या संसर्गाची लक्षणे होत. आपल्या भाषेत या जळजळीला उन्हाळे लागणे म्हणतात. या शब्दामुळे मनात उष्णतेचीच कल्पना येते, आणि तिच्यापायी अनेक जणी पहिले चार दिवस नुसते काढतात. जळजळीबरोबर ताप, हुडहुडी, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या, अतिशय गळून जाणे किंवा लघवी अगदी कमी होणे यांपैकी काही असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तात पोहोचला असण्याची शक्यता असते. तेव्हा वही, घरगुती उपाय, उद्याची वेळ हे सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी: नमुना नीट द्या

कल्चरचा रिपोर्ट बिघडतो तो प्रयोगशाळेत क्वचित. बहुतेक वेळा तो बाटली भरतानाच बिघडतो. योनीमार्गावरचे व त्वचेवरचे जंतू नमुन्यात उतरले की रिपोर्टमध्ये मिश्र वाढ असे येते, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. नमुना अँटिबायोटिकची पहिली मात्रा घेण्यापूर्वी द्यावा. हात धुवावेत, तो भाग साध्या पाण्याने स्वच्छ करून टिपून घ्यावा, एका हाताने बाजूचे ओष्ठ विलग धरावेत, लघवीची पहिली धार जाऊ द्यावी आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत धरावी. बाटलीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाला बोट लागू देऊ नये. गुडघे आखडलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या स्त्रीला हे सर्व एकटीने जमत नाही. अशा वेळी कोणीतरी मदतीला असावे, आणि तरीही जमले नाही तर परिचारिकेने पातळ नळीने एकदाच काढलेला नमुना अधिक भरवशाचा ठरतो. पॅडमधून पिळलेली किंवा भांड्यात आधी साठवलेली लघवी कल्चरला देऊ नये.

नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. ते शक्य नसेल तर बाटली सुमारे ४ अंश सेल्सिअसवर, म्हणजे फ्रीजच्या मुख्य कप्प्यात ठेवावी व २४ तासांच्या आत द्यावी. बाहेर उबेत राहिलेल्या बाटलीत जंतू झपाट्याने वाढतात, आणि मग शरीरात नसलेला संसर्ग कागदावर दिसू लागतो.

तिसरी पायरी: रिपोर्टवर नव्हे, लक्षणांवर निर्णय घ्या

या सबंध विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा येथे येतो. वय वाढते तसे काहीही त्रास नसताना लघवीत जंतू आढळण्याचे प्रमाण वाढत जाते. घरी राहणाऱ्या सत्तरीपुढच्या स्त्रियांमध्ये ते सर्वसाधारणपणे १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते, आणि दीर्घकालीन शुश्रूषागृहात राहणाऱ्या स्त्रियांमध्ये २५ ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. हे जंतू तेथे नुसते वस्तीला असतात. त्यांना मारण्यासाठी औषध दिले तर ते काही आठवड्यांत परततात, आणि परतताना त्यांच्यात औषधाला दाद न देणारे अधिक असतात. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की, गरोदरपण आणि मूत्रमार्गातील ज्या शस्त्रक्रियांत आतले अस्तर दुखावून रक्त येण्याची शक्यता असते त्या शस्त्रक्रिया, या दोन प्रसंगी लक्षणांवाचूनच्या जंतूंचा शोध घेऊन त्यांच्यावर उपचार करावेत. मधुमेही स्त्रिया आणि वृद्धाश्रमातील स्त्रिया यांच्या बाबतीत तसे करू नये.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, बरे वाटत असताना सहज म्हणून लघवीची तपासणी करू नये. उपचारानंतर त्रास पूर्ण थांबला असेल तर जंतू गेले की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करू नये. आणि केवळ वास येतो किंवा लघवी गढूळ दिसते एवढ्यावरून अँटिबायोटिक मागू नये. वास आणि गढूळपणा पाणी कमी पडल्यानेही येतो. लघवीत बुडवून रंग पाहायच्या पट्टीची तपासणी तरुण स्त्रीमध्ये उपयोगी पडते, परंतु पासष्टीनंतर तिच्यावरून संसर्ग आहेच असे म्हणता येत नाही, कारण वस्तीला असलेले जंतूही पट्टीचा रंग बदलतात. पट्टीवर नायट्राइट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही नसतील, तर संसर्गाची शक्यता कमी होते, एवढेच. साध्या तपासणीत आढळणाऱ्या पू-पेशी या वयात त्रास नसतानाही दिसतात, ही गोष्ट रिपोर्टवरचा लाल आकडा पाहून घाबरणाऱ्या मुलामुलींनी लक्षात ठेवावी.

आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागली, झोपाळल्यासारखी झाली किंवा पडली, की तिची लघवी तपासली जाते, तीत जंतू सापडतात आणि सर्व दोष त्यांच्या माथी मारला जातो. वयस्क व्यक्तीच्या अशा संभ्रमाला पाण्याची किंवा सोडियमची कमतरता, नवे औषध, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, साखर कमी-जास्त होणे, वेदना अशी कितीतरी कारणे असतात. जळजळ नाही, ताप नाही, रक्तदाब व नाडी ठीक आहे, अशा वेळी वरील सूचना अँटिबायोटिकची घाई न करता इतर कारणे शोधण्याचा आणि बारकाईने लक्ष ठेवण्याचा सल्ला देतात. माझ्या मते हा सल्ला घरच्यांच्या गळी उतरवणे सर्वांत कठीण आहे, कारण गोळी सुरू झाली की काहीतरी केल्याचे समाधान मिळते; परंतु त्या समाधानाच्या नादात खरे कारण दोन-तीन दिवस अंधारात राहते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. लक्षणे स्पष्ट असताना कल्चरमध्ये जंतूंची संख्या प्रति मिलिलिटर एक लाखापेक्षा कमी आली म्हणून संसर्ग नाही असा निष्कर्ष काढू नये. लाखाची ती जुनी मर्यादा आहे. जळजळ असलेल्या स्त्रीमध्ये एकाच नेहमीच्या जंतूची हजारभर संख्याही अर्थपूर्ण असू शकते.

या वयातच असे का होते

बहुसंख्य संसर्गांना एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे रिपोर्टमध्ये ई. कोलाय म्हणून येणारा जंतू कारणीभूत असतो. तो आपल्याच आतड्यातला रहिवासी आहे. तो गुदद्वाराजवळून योनीमुखाशी, तेथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि मग मूत्राशयात जातो. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास असल्याने हा प्रवास लांबचा नसतो. तरुणपणी या वाटेवर पहारा असतो. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन हा साखरेचा साठा होतो, त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू पोसले जातात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लतेत आतड्यातले जंतू तग धरत नाहीत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते व ही साखळी तुटते. आम्लता कमी होते, अस्तर पातळ व कोरडे होते, आणि वाट मोकळी होते.

या कोरडेपणामुळे संसर्ग नसतानाही जळजळ, घाई आणि वारंवार लघवी हे सारे होऊ शकते. म्हणून कल्चर दोनदा स्वच्छ येऊनही जळजळ टिकून असेल, तर तिसरे अँटिबायोटिक मागण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखे औषध चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि योनीमार्गाला बुरशीचा संसर्ग होण्याचे प्रमाण वाढते. तेथे खाज व पांढरा स्राव असतो आणि जळजळ लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर होते. त्यावर अँटिबायोटिक दिले तर बुरशी आणखी फोफावते.

चौथी पायरी: चालू झटक्याचा उपचार

नमुना दिल्यानंतर त्रास फार असेल तर कल्चरचा रिपोर्ट येण्यापूर्वीच औषध सुरू करतात, आणि ते निवडताना मागच्या कल्चरचा रिपोर्ट सर्वाधिक उपयोगी पडतो. मूत्राशयापुरत्या मर्यादित संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच मात्रा, किंवा जंतू दाद देत असेल तर ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल तीन दिवस, असे उपचार प्रचलित आहेत. वय जास्त आहे म्हणून हा कालावधी आपोआप वाढवण्याची गरज नसते. दहा-पंधरा दिवस लांबवलेल्या औषधाने दुष्परिणाम व प्रतिकारशक्ती मिळवलेले जंतू मात्र वाढतात. नायट्रोफ्युरँटॉइन आणि तोंडाने घेतलेले फॉस्फोमायसिन मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून तापासह झालेल्या संसर्गात त्यांच्यावर विसंबू नये.

वयस्क स्त्रीच्या बाबतीत औषध निवडताना मूत्रपिंडाचे कार्य आणि आधीपासून चालू असलेली औषधे पाहावीच लागतात. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडे बरीच क्षीण झालेली असल्यास काम करत नाही आणि अपाय करते. ते जेवणासोबत घ्यावे, आणि त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नये. ट्रायमेथोप्रिम असलेले औषध रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांबरोबर किंवा स्पायरोनोलॅक्टोनबरोबर घेतल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढू शकते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन या गटाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ साली असा इशारा दिला की, दुसरा पर्याय असताना साध्या मूत्रसंसर्गासाठी ती वापरू नयेत. स्नायुबंध तुटणे, मज्जातंतूंना इजा, संभ्रम हे त्यांचे दुष्परिणाम आहेत, आणि साठीनंतर, विशेषतः स्टिरॉइड चालू असताना, स्नायुबंधाचा धोका अधिक असतो. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवल्याशिवाय चिठ्ठी घेऊन निघू नये. जळजळ शमवण्यासाठी लघवी अल्कधर्मी करणारे सरबतासारखे औषध अनेकदा सोबत दिले जाते. नायट्रोफ्युरँटॉइन अल्कधर्मी लघवीत कमी परिणामकारक ठरते, तेव्हा ही जोडी टाळलेली बरी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते.

योग्य औषधाने दोन दिवसांत फरक जाणवू लागतो. ४८ तासांनंतरही त्रास तसाच असेल किंवा ताप आला, तर कल्चरचा रिपोर्ट घेऊन पुन्हा दाखवावे. मागील झटक्यातल्या उरलेल्या गोळ्या काढून घेणे हे मात्र सर्वांत वाईट. त्याने त्रास दबतो, कल्चर बिघडते आणि संसर्ग राहतो.

पाचवी पायरी: आत दडलेले कारण शोधा

प्रत्येकीला सीटी स्कॅन व दुर्बिणीची तपासणी लागत नाही. परंतु प्रत्येकीची एकदा व्यवस्थित अंगतपासणी आणि लघवी झाल्यावर आत किती लघवी उरते याचे सोनोग्राफीने मोजमाप झाले पाहिजे. किती उरली म्हणजे जास्त, याची सर्वमान्य अशी एकच रेषा नाही. १०० ते १५० मिलिलिटरच्या पुढे उरत असेल तर डॉक्टर सहसा त्याकडे गांभीर्याने पाहतात. या मोजमापात एक खोच आहे. सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पाजून मूत्राशय तट्ट फुगवलेले असते, बाहेर रांग असते, आणि अनोळखी स्वच्छतागृहात घाईघाईने जाऊन यावे लागते. अशा वेळी कोणाचेही मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. म्हणून उरलेली लघवी जास्त आढळली तर नेहमीसारखी लघवीची भावना झाल्यावर, सावकाश लघवी करून मोजमाप पुन्हा करून घ्यावे.

लघवी उरण्याची कारणे बहुतांशी दुरुस्त होण्याजोगी असतात. अंग बाहेर येणे हे त्यांपैकी मोठे कारण आहे. मूत्राशय योनीच्या पुढच्या भिंतीतून खाली उतरले की मूत्रमार्ग दुमडतो आणि मूत्राशयाच्या खालच्या खोलगट भागात लघवी साचून राहते. कित्येक स्त्रिया हा त्रास वर्षानुवर्षे सांगतच नाहीत. लघवी करताना अंग बोटाने आत ढकलावे लागत असेल, तर ते संकोच बाजूला ठेवून सांगावे, कारण आत बसवायची कडी किंवा शस्त्रक्रिया यांनी मूळ दुखणेच दूर होऊ शकते. बद्धकोष्ठाने भरलेला गुदाशय मूत्राशयाच्या तोंडावर दाब आणतो. शौचाची तक्रार सुटली की काहींची लघवीची तक्रारही हलकी होते. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंद होतात. ॲमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेवरची झोप आणणारी जुनी ॲलर्जीची औषधे आणि लघवीची घाई कमी करणाऱ्या काही गोळ्या मूत्राशयाचे आकुंचन दुबळे करतात. यातला विरोधाभास असा की, वारंवार लघवीला जावे लागते म्हणून दिलेली गोळी कधी कधी लघवी तुंबवून पुढचा संसर्ग ओढवून आणते.

कल्चरमध्ये प्रोटिअस हा जंतू पुन्हा पुन्हा येत असेल तर मुतखडा शोधावा, कारण तो युरियाचे विघटन करून लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यातून खडे बनतात, ज्यांच्या आत जंतू औषधापासून सुरक्षित राहतात. संसर्ग बरा झाल्यावरही लघवीत रक्त आढळत राहिले, मग ते सूक्ष्मदर्शकाखालीच का दिसेना, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावेच लागते. मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान स्त्रियांमध्ये उशिरा होण्याचे एक कारण हेच की, रक्ताचा दोष प्रत्येक वेळी संसर्गाला दिला जातो.

सहावी पायरी: पुन्हा होऊ नये म्हणून

पाळी गेलेल्या स्त्रीसाठी सर्वाधिक परिणामकारक उपायांपैकी एक म्हणजे योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा उपायही तोच. रझ व स्टॅम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत इस्ट्रिऑलचे मलम वापरणाऱ्या गटात दर स्त्रीमागे वर्षाला सरासरी ०.५ झटके आले, तर निष्क्रिय मलम वापरणाऱ्या गटात ५.९. त्या चाचणीत मलम दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा लावले होते. आजही बहुधा हीच पद्धत वापरतात. गोळी किंवा कडीच्या रूपातही हे औषध असते. मलम नळीने आत सोडता येते. शिवाय वाटाण्याएवढे बोटावर घेऊन मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती लावावे, कारण जंतूंची वाट तेथूनच जाते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून मलम बंद करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांना हे आधी कोणी सांगितलेले नसते. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने मूत्रसंसर्ग कमी होत नाही.

हार्मोन हा शब्द ऐकून वाटणारी भीती समजण्यासारखी आहे. कमी मात्रेच्या योनीमार्गातील इस्ट्रोजेनचा फारच थोडा अंश रक्तात जातो, आणि मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत त्याने स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगात वाढ झालेली दिसली नाही. तरीही स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास, विशेषतः ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल यांसारख्या गोळ्या चालू असल्यास, कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय ते सुरू करू नये. पाळी गेल्यानंतर कधीही रक्तस्राव झाला असेल, तर त्याचे कारण आधी शोधावे.

पाण्याबद्दलचा सल्ला सर्वजण देतात, पण किती हे सहसा सांगत नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले, तेव्हा त्यांच्या वर्षातील झटक्यांची सरासरी १.७ आली, तर तुलनेच्या गटात ती ३.२ होती. त्या स्त्रिया पाळी न गेलेल्या होत्या, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आजीला लावता येत नाही. परंतु जी स्त्री रात्री उठावे लागेल या धास्तीने दिवसभर चार पेलेच पाणी पिते, तिने ते वाढवण्यात अर्थ आहे. पाण्याचा मोठा वाटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत घ्यावा. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल, तर ती मर्यादाच पाळावी.

यानंतरही झटके थांबले नाहीत तर मेथेनामाइन हिप्पुरेट या औषधाचा विचार करता येतो. ते अँटिबायोटिक नाही; आम्लधर्मी लघवीत त्यापासून फॉर्माल्डिहाइड तयार होते आणि ते जंतूंना वाढू देत नाही, त्यामुळे जंतू त्याला सरावत नाहीत. ब्रिटनमधील २४० स्त्रियांवरच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज अँटिबायोटिक घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.८९ आणि मेथेनामाइन घेणाऱ्यांना १.३८ झटके आले; दोन्ही उपाय जवळपास सारखे मानण्यासाठी संशोधकांनी आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत हा फरक होता. नेहमीची मात्रा १ ग्रॅम दिवसातून दोनदा अशी असते. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्यास ते देत नाहीत, सल्फा गटाच्या औषधांबरोबर ते चालत नाही, आणि लघवी अल्कधर्मी करणारी औषधे त्याचा परिणाम घालवतात.

क्रॅनबेरीबद्दल मत बदलत आले आहे. २०२३ सालच्या, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानुसार वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिने धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो, परंतु संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांत तसा लाभ आढळला नाही. ज्यांना ती घ्यायची आहे त्यांनी साखर घातलेल्या रसापेक्षा गोळी निवडावी, आणि वॉरफरिन चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. डी-मॅनोज या साखरेची मात्र शिफारस करता येत नाही: ५९८ स्त्रियांवरच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने रोज घेऊनही तिचा निष्क्रिय पुडीपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही.

रोज रात्री कमी मात्रेत अँटिबायोटिक घेणे हा उपाय परिणामकारक आहे यात शंका नाही, पण तो शेवटी यावा आणि सुरू करतानाच बंद करण्याची तारीख ठरवावी. सहसा तीन ते सहा महिन्यांनी फेरविचार करतात. औषध थांबले की त्याचे संरक्षणही थांबते, म्हणून त्याच काळात इस्ट्रोजेन व इतर दुरुस्त्या सुरू करून घ्याव्यात. नायट्रोफ्युरँटॉइन दीर्घकाळ घेताना नवा कोरडा खोकला, धाप, पायांना मुंग्या किंवा कावीळ दिसल्यास ते लगेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. फुप्फुसाला होणारी इजा वयस्कांमध्ये हृदयाची धाप समजून दुर्लक्षित राहते.

रोजच्या सवयी

शौचानंतर पुढून मागे धुणे-पुसणे, ओले पॅड वेळेवर बदलणे, लघवी तासन्‌तास दाबून न ठेवणे आणि संबंधानंतर लघवीला जाऊन येणे या सवयी निरुपद्रवी व शहाणपणाच्या आहेत, जरी त्यांच्या परिणामाचा भक्कम पुरावा नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रीला तू अस्वच्छ राहतेस असे सुचवणे हे तर अन्यायाचे आणि बहुधा चुकीचे असते. उलट अति स्वच्छताच नडते: योनीमार्ग आतून धुणे, जंतुनाशक द्राव किंवा सुगंधी साबण वापरणे यांनी उरलेसुरले उपकारक जंतूही मरतात. तेथे साधे पाणी पुरे.

लघवी करताना बैठकीवर नीट टेकून बसावे, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत, आणि शरीर किंचित पुढे झुकवावे. अधांतरी राहून लघवी केल्यास ओटीपोटाचे स्नायू सैल होत नाहीत. धार संपल्यावर एक-दोन मिनिटे थांबावे, उभे राहून पुन्हा बसावे आणि जोर न लावता आणखी एकदा प्रयत्न करावा. उरणारी लघवी कमी करण्याचा हा बिनखर्ची मार्ग आहे.

कॅथेटर असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीबाबत

कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात ठेवलेली नळी, काही आठवडे राहिला की लघवीत जंतू येणारच, आणि तेथे लक्षणांशिवाय कल्चर करणे निरर्थक असते. रोज विचारायचा प्रश्न एकच: हा अजून हवा आहे का? केवळ चादर ओली होऊ नये म्हणून तो ठेवला असेल, तर पॅड आणि ठरावीक वेळी लघवीला बसवणे हा त्याहून सुरक्षित पर्याय आहे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील पण जमिनीला टेकणार नाही अशी अडकवावी, नळीला पीळ पडू देऊ नये आणि नळी व पिशवी यांचा जोड विनाकारण उघडू नये. ताप किंवा हुडहुडी येऊन संसर्गाची शंका आली आणि कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल, तर आधी तो बदलावा आणि नमुना नव्या कॅथेटरमधून घ्यावा. पिशवीत साचलेली लघवी कल्चरला पाठवल्यास रिपोर्टमध्ये पिशवीतले जंतू येतात, रुग्णाच्या मूत्राशयातले नव्हे.